कमानीला घातलेली वेसण

गाळप हंगाम सुरू झाल्याचं मला वर्तमानपत्रातून कळत नाही, नाकातून कळतं. दिवाळीचे आकाशकंदील अजून खाली उतरलेले नसतात आणि एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना तो वास येतो. गोड म्हणावा तर गोड नाही. काहिलीच्या तळाला लागलेल्या गुळासारखा, थोडा करपट, थोडा आंबूस. दुपारपर्यंत उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी वीतभर बाहेर आलेला ऊस, आणि कर्ण्यातून इतक्या मोठ्यानं गाणी की गिऱ्हाईक ‘पाऊण इंची’ म्हणालं का ‘सव्वा इंची’, हे मला त्याच्या बोटांवरून ओळखावं लागतं. माजलगावात हा हंगाम सगळ्यांना आवडतो. धरणात पाणी असलं की ऊस, ऊस असला की बाजार. मलाही आवडायचा. आता मी त्याची वाट बघतो, पण आवडतो म्हणून नाही. जुनी दुखापत थंडीत ठणकते आणि ठणकली की ती कोणी केली हे विसरायला होत नाही. मला विसरायचं नाही.

माझं पाइपांचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. आत येणाऱ्याची नजर आधी वर जाते. दर्शनी तुळईला साखळीनं एक लोखंडी नळीची कमान टांगलेली आहे. खाली माणूस बसला तर डोक्यावरून जाईल एवढी. तिचा एक पाय सरळ आहे. दुसरा मध्येच मोडून आत दुमडलेला. दोन पायांच्या मध्ये बोल्टांनी आवळलेली पत्र्याची पाटी आहे आणि जिथं पाय मोडला तिथल्या भोकातून मी बैलाची वेसण ओवलेली आहे.

“आप्पा, हे काय हाय?” नवं गिऱ्हाईक विचारतं.

मी सांगतो. आतापर्यंत तालुक्यातल्या किती लोकांना सांगितलं, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. आयुष्यात मी हिशेब न ठेवलेली ही एकच गोष्ट असेल.

माझी मुलगी शिवलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा तिच्या कॉलेजच्या पोरांनी शर्यतीची गाडी बांधायला घेतली. देशभरातली कॉलेजं अशा गाड्या बांधतात, कुठंतरी एकत्र जमून पळवतात. एका माणसाची, जमिनीलगत चालणारी गाडी. चाकांवर मडगार्ड नाही, वर टप नाही. चारही चाकं उघडी आणि चालवणाऱ्याचं डोकं उघडं. मी पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा म्हणालो, “ही गाडी हाय का कोळी हाय?” शिवलीला हसली आणि मग तिनं मला जे समजावून सांगितलं, ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो.

उघडं चाक दुसऱ्या कशावर घासलं की त्यावर चढतं. बंद गाडी घसटून बाजूला होते, ही गाडी उडते. उडाली की उलटते. उलटली की सगळ्यात उंच जे असेल ते जमिनीला लागतं. ते डोकं नसावं, म्हणून चालकाच्या पाठीमागं एक मोठी कमान आणि पुढं स्टिअरिंगजवळ एक छोटी कमान. दोन्हींच्या माथ्यावर एक काठी आडवी ठेवायची. हेल्मेटसकट डोकं त्या काठीच्या पन्नास मिलिमीटर खाली पाहिजे. मोठी कमान एकाच अखंड नळीची. मध्ये जोड नाही, काप नाही. परीक्षक येतात ते तिला एक बारीक भोक पाडून जाडी तपासतात, पण तेही कमी ताणाची जागा हेरून. शिवाय अंगाला पट्टे, मानेमागं गादी आणि हातांनाही पट्टे; नाहीतर गाडी कोलांटताना हात बाहेर फेकले जातात आणि गाडी त्यांच्यावरच पडते.

मला हा नियम फार पटला. मी आकड्यांचा माणूस आहे. देव डोक्यावर हात ठेवतो म्हणतात, पण किती उंचीवर ठेवतो हे कोणी सांगत नाही. इथं सांगितलेलं होतं.

कमानीची नळी मीच पुण्याहून मागवली. बिनजोडाची, पंचवीस मिलिमीटरची, अडीच मिलिमीटर जाडीची. आली तेव्हा दोन्ही टोकांना व्हर्नियर लावून मोजली. कुठंच अडीचच्या आत नव्हती.

त्या थंडीत आमच्या परसात गाडीचा नुसता सांगाडा येऊन पडला होता. आग लागली तर चालकानं पाच सेकंदांत बाहेर आलं पाहिजे, असाही नियम. पट्टे सोडायचे, स्टिअरिंग उपसून बाजूला ठेवायचं आणि दोन्ही पाय जमिनीवर. शिवलीला सांगाड्यात बसायची आणि तिची आई शेंगा फोडत मोजायची. आईचं मोजणं म्हणजे, “एक... सावकाश गं... दोन... ढोपर बघ... अडीच...”

“आई, अडीच नसतंय मधी!”

“तुला लागलं तर मला काय करायचंय तुझ्या तीनला?”

हे आठवलं की अजूनही हसू येतं. हसू आलं की पाठोपाठ राग येतो, कारण त्या पोरीनं पाच म्हणायच्या आत बाहेर यायचा इतका सराव केला होता, आणि ज्या दिवशी वेळ आली त्या दिवशी तिला बाहेर यायला पाय ऐकत नव्हते.

आमच्या भागाची एक रीत आहे. कमान दिसली की तिच्यावर नाव लागतं. गावाच्या वेशीला कमान, तिच्यावर नाव. शाळेला कमान, तिच्यावर नाव. लग्नाच्या मांडवाला कमान असली तरी नवरानवरीच्या नावावर कोणा ना कोणाचं ‘शुभेच्छुक’ म्हणून नाव. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष गाडी बघायला वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा त्यांनी बाकी काहीच बघितलं नाही. कमान बघितली.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते एकदा एका ठिकाणी लिहिलं गेलं, तेवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हस्ते झेंडा दाखवायचा होता. फोटोत नाव आलं पाहिजे, म्हणून पत्र्याची पाटी रंगवून आली. पाटी अडकवायला कमानीच्या दोन्ही पायांना आरपार भोकं पाडायचं ठरलं. पंचवीसच्या नळीत दहाचं भोक. मी तिथं होतो, पोरांसाठी केळी घेऊन गेलो होतो. शिवलीला ड्रिलच्या आणि कमानीच्या मध्ये उभी राहिली.

“साहेब, इथं भोक पाडायचं नसतं. नळी कमजोर पडती. पाटी तारेनं बांधू.”

अध्यक्ष हसले. सोबतचे लोक, काय ते कळायच्या आधीच, हसायला तयार होते.

“अगं बाई, तारेनं बांधलेली पाटी फोटोत लोंबती. आन् भोकानं काय व्हतंय? बैलाच्या नाकातबी भोक असतंय. म्हणून काय बैल मरतो?”

सगळे हसले. वर्कशॉपच्या सरांनी खाली बघत ड्रिल चालू केलं. लोखंडाचा बारीक, चकचकीत किस जमिनीवर पडला. तो किस म्हणजे कमानीतून कमी झालेलं लोखंड होतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर झाडून केरात गेलं.

झेंडा दाखवून झाला, फोटो छापून आले. तिच्या डोक्यामागं त्यांचं नाव, एकदम सरळ, न लोंबणारं. पोरांनी नंतर पाटी काढायचं म्हटलं तर ऑफिसमधून निरोप आला, स्पर्धेपर्यंत राहू द्या.

सराव बायपासच्या नव्या, अजून चालू न झालेल्या रस्त्यावर चालायचा. त्या दिवशी मीही कडेला उभा होतो. सकाळचं ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना तोड चालू होती. कोयत्यांचा एकसारखा आवाज, वाऱ्यावर पाचट. एक ट्रॉली नव्या रस्त्याला आडवी जाऊन कच्च्या वाटेनं उतरली होती आणि तिच्यातून उसाची एक मोळी वळणापलीकडं पडली होती. शिवलीला वळणातून आली. पुढचं डावं चाक मोळीवर चढलं. उघडं चाक. तिनं मला सांगितलं होतं तसंच झालं. आधी उडाली, मग रस्त्याच्या कडेवरून काळ्या मातीत उलटली.

आवाज मोठा झाला नाही. गुडघ्यावर उसाचं कांडं मोडावं, तेवढाच. मोडली ती कमान होती. आजही दुकानासमोर एखाद्यानं ट्रॉलीतून ऊस ओढून मोडला की मी हातातलं माप खाली ठेवतो.

पट्ट्यांनी तिला धरून ठेवलं. हातांचे पट्टे होते म्हणून दोन्ही हात शाबूत राहिले. हेल्मेट होतं म्हणून डोकं राहिलं. जे जे अखंड होतं, त्यानं आपलं काम केलं. कमानीचा डावा पाय तेवढा वरच्या भोकाशी मोडून आत दुमडला, काठीखालचे पन्नास मिलिमीटर संपले, आणि पुढचं ओझं मानेनं घेतलं. अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ती पोर आम्हाला चालती परत दिली, त्यांचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण मान उजवीकडं वळत नाही. उजवीकडं बघायचं तर शिवलीला आख्खी वळते, खांद्यासकट, एखादं कपाट फिरवावं तशी.

मग चौकशी बसली. संस्थेचीच माणसं, संस्थेच्याच खुर्च्या. मी मोडलेल्या जागेचं माप घेऊन गेलो. घडी बरोबर भोकाच्या मधून गेली होती, बोटभरही इकडंतिकडं नाही. त्याच नळीचा उरलेला तुकडा आणि व्हर्नियर टेबलावर ठेवलं. कोणी हात लावला नाही. एक जण म्हणाला, “आप्पा, नळी तुमच्याच दुकानातली ना? मग जपून बोला.” शेवटी निघालं काय, तर चालक विद्यार्थिनीला वेग आवरला नाही. पोरगी हाय, घाबरली असंल, असंही तोंडी जोडलं गेलं आणि गावभर तेच फिरलं. बाजारात बायका तिच्या आईला म्हणायच्या, “कावून बसवायची वं पोरीला असल्या गाडीत?” वकिलाकडं जायचं म्हटलं तर शिवलीलाच म्हणाली, “पप्पा, कोर्टात नाही म्हणायला मान हलवावी लागती. माझी हलत न्हाई.” विनोद तिचा होता. मला तो अजून पचलेला नाही.

गाडी भंगारात गेली. भंगारवाले हुसेनभाई, ज्यांचं दुकान माझ्या समोरच आहे, ते एका दुपारी कमान खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून आले. “आप्पा, तुमच्या लेकीची कमान हाय. माझ्याच्यानं हिला भट्टीला धाडणं व्हईना.” पाटी अजून तिला होतीच, मोडलेल्या जागचा बोल्ट निखळला होता, बाकीचे गंजून घट्ट बसले होते. ते रिकामं भोक मी बराच वेळ बघत बसलो. बैलाच्या नाकातबी भोक असतंय. असतं ना. पण ते कशासाठी पाडतात, हे अध्यक्षांनी सांगितलं नव्हतं. मी सांगायचं ठरवलं. बाजारातून सुती वेसण आणली, त्या भोकात ओवली आणि कमान दारावर टांगली.

तेव्हापासून दर पोळ्याला मी वेसण बदलतो. लोक बैलाच्या वेसणी बदलतात तेव्हाच. जुनी सोडतो, नवी हळद लावून ओवतो. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी बघायला थांबले. आता पोळ्याच्या आदल्या दिवशी कोणी ना कोणी विचारतंच, “आप्पा, साहेबाची वेसण आणली का?” अध्यक्षांची माणसं आली होती. आधी कमान विकत मागितली, मग दम दिला, मग माझ्या मेहुण्याला मध्ये घातलं. मी प्रत्येकाला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि भोकाचं माप सांगितलं. खोटा शब्द एक नाही, शिवी एक नाही. खरं बोलून एखाद्याला किती छळता येतं, हे मला पन्नाशीला कळलं.

टीव्हीवर मोठ्या शर्यती लागतात, त्या मी बघतो. तिथं आता चालकाच्या डोक्यापुढं चपलेच्या पट्ट्यासारखं एक जाड कडं असतं. आलं तेव्हा शर्यतवाल्यांनीच नावं ठेवली, गाडी कुरूप दिसते म्हणाले. आता कोणी बोलत नाही. गाडी सरळ पळते तोवर अशा कड्याला, कमानीला काही काम नसतं. ती ओझंच असते. सगळं उलटं झाल्यावर आपण मोडायचं नाही, एवढंच तिचं काम. माझ्या रागाचंही मी असंच समजतो. शेजारी म्हणतात, सोडून द्या, ओझं कशाला वागवता? मी म्हणतो, आमचं घर उलटलं तेव्हा बाकीचं सगळं दबलं. तेवढा राग उभा राहिला, आम्ही त्याच्याखाली शाबूत राहिलो.

यंदा वास आला त्याच आठवड्यात एक पोरगी दुकानात आली. आरती, उमापूरची. हातात नकाशाची गुंडाळी.

“आप्पा, मोठ्या कमानीची नळी पायजे. बिनजोडाची.”

कॉलेज कोणतं ते मी विचारलं. तिनं सांगितलं.

“त्या संस्थेला माझ्या दुकानातून नटसुद्धा मिळत न्हाई.”

“म्हाईत हाय मला. पण वर्कशॉपात म्हणत्यात, पाण्याचाच पाइप वाकवा, रंग दिल्यावर कोण बघतंय. आन् अध्यक्षसाहेब म्हणत्यात, पाटी लावायचीच.”

“गाडी कोण चालवणार?”

“मीच की.”

शिवलीला दिवाळीला आली होती. ती पुण्यात गाड्यांच्या तपासणीचं काम करते. ती आत बसली होती, तिथून आख्खी वळली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी आरतीला म्हणालो, “नळी देतो. पण न्यायला तुमच्या अध्यक्षांनी यायचं. त्यांच्या हातात देईन.”

“पप्पा,” शिवलीला बाहेर आली. “तुमच्या भांडणात हिला ओलीस धरू नका. पाण्याच्या पाइपाखाली ही बसणार हाय, ते न्हाई.”

ते मलाही कळत होतं. अध्यक्षांना खाली बघायला लावायची संधी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दारात आली होती आणि त्या संधीच्या खाली एका पोरीची मान होती. मी नळी काढली, मापली, कापली, कापडात गुंडाळून आरतीच्या नावानं कोपऱ्यात उभी केली. “ते आले न आले, ही तुझी. रविवारी येऊन घेऊन जा. फक्त त्यांना हे सांगू नको. त्यांना सांग, आप्पा ऐकत न्हाई.”

आरती हसली. “तसंबी सगळे हेच म्हणत्यात तुमच्याबद्दल.”

अध्यक्ष रविवारीच आले. बाजाराचा दिवस. कार्यक्रमाची पत्रिका वाटून झाली होती, पाण्याच्या पाइपाखाली बसायला आरती तयार नव्हती, पुण्याहून नळी मागवायला वेळ उरला नव्हता आणि गाडीला कमान नव्हती. फेटा, पांढरे कपडे, मागं चार माणसं. मी स्टूल पुढं सरकवलं. ते बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बरोबर कमानीखाली बसलोय. हुसेनभाई समोरून बघत होते. आरती आणि शिवलीला वजनकाट्याजवळ उभ्या होत्या.

“आप्पा, एवढा डूख बरा न्हाई माणसाला.”

“नळी तयार हाय, साहेब. तुमी एक वाक्य तेवढं बोला. चूक पोरीची न्हवती, माझ्या पाटीची होती.”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. बाजार थांबला होता. एरवी गर्दी दिसली की त्यांचा हात आपोआप वर जातो. त्या दिवशी गेला नाही. ते काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात ट्रॉली गेली, गाणी वाजवत.

“ऐकू आलं न्हाई,” मी म्हणालो.

“मलाबी न्हाई आलं, साहेब!” हुसेनभाई रस्त्यापलीकडून ओरडले. बाजार हसला, वर्कशॉप हसलं होतं तसा, पण या वेळी दुसऱ्या बाजूला.

मग ते मोठ्यानं बोलले. चूक पोरीची नव्हती, पाटीची होती. आणि नव्या गाडीला पाटी लागणार नाही, हे आरतीनं विचारल्यावर तेही बोलले. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांना ती कशी धरायची कळेना. आरतीनं पुढं होऊन घेतली आणि तिथंच टोकाला व्हर्नियर लावलं.

“अडीच,” ती शिवलीलाला म्हणाली. शिवलीलानं दुसरं टोकही मोजायला लावलं.

अध्यक्ष उठले. वर बोट केलं. “झालं ना आता मनासारखं? उतरवा ते.”

“बैलाची वेसण उतरवत नसत्यात, साहेब. पोळ्याला बदलत असत्यात. पोळ्याला या, नवी घालू.”

ते गेले. बाजार पुन्हा सुरू झाला, कर्णे वाजू लागले, वास तसाच होता. शिवलीला बराच वेळ कमानीकडं बघत उभी राहिली. कमान तिच्या उजव्या बाजूला होती, म्हणून ती खांद्यासकट वळून उभी होती.

“पप्पा, फिटलं का आता?”

“मान वळव बरं,” मी म्हणालो. “नुसती मान. उजवीकडं.”

ती हसली. वळली नाही.

“मग न्हाई फिटलं,” मी म्हणालो, आणि स्टूल पुन्हा कमानीखाली सरकवून ठेवलं.